चौकीपुरता पट्टा

नाहेद नावाच्या एका परिचारिकेचं पत्र मला आलं, त्याला पुढच्या महिन्यात दोन वर्षं होतील. इतके दिवस मी उत्तर दिलं नव्हतं. पत्र टेबलाच्या खणात आहे. त्याच्यावर मी दुसरं काही ठेवत नाही, त्यामुळे चष्म्याचं घर काढायला खण उघडला तरी आधी तेच दिसतं.

दीड पानाचं पत्र आहे. घाईचं, पण स्वच्छ अक्षर.

"उस्ताज रऊफ यांना सलाम," ती लिहिते. "मी हाज्जा तफीदा यांची मुलगी. माझी आई ज्या गाडीत गेली त्या गाडीत तुम्ही तिच्या मागच्या सीटवर होता, असं पोलिसांच्या कागदात आहे. त्याच कागदात असंही आहे की मयत स्त्रीने सीट बेल्ट लावलेला नव्हता. मला एकच विचारायचं आहे. तिने पट्टा लावला होता की नाही? मी इस्माइलियाच्या इस्पितळात अपघाताच्या विभागात काम करते. काचेतून बाहेर फेकली गेलेली माणसं मी रोज बघते, म्हणून आईकडून शब्द घेतला होता. ती हसायची. तुमचा तो पट्ट्याविरुद्धचा लेख तिने मला फोनवर वाचून दाखवला होता, आणि वाचून झाल्यावर म्हणाली होती, माणूस बोलतो खरं, पण मी तुझ्यासाठी लावीन. तिने शब्द मोडला असेल तर तसं कळवा. सध्या मी तिच्यावर रागावलेली आहे. कबरीपाशी उभी राहते आणि फातिहा म्हणण्याआधी तिच्याशी भांडते. घरात सगळे म्हणतात, हट्टी होती, तिचं तिने ओढवून घेतलं. हे असंच चालायचं असेल तर निदान ते खरं आहे की नाही, एवढं मला कळू दे."

खाली पत्ता आणि इस्पितळाचा फोन नंबर.

पत्र वाचून संपायच्या आधीच मला उत्तर माहीत होतं. एका शब्दाचं उत्तर होतं. पण त्या शब्दामागे दुसरं वाक्य येतं, त्याच्यामागे तिसरं, आणि तिसऱ्या वाक्यात मी आहे.

मी झगाझीगमध्ये राहतो. निवृत्त झाल्यावरही मी आठवड्यातून पाच दिवस अबू हम्मादच्या छोट्या वाचनालयात जात होतो, कारण तिथे दुसरं कुणी जायला तयार नव्हतं. जायला शाझलीची पेजो. सात उतारूंची जुनी लांब गाडी. ड्रायव्हरशेजारी एक, मध्ये तीन, मागे तीन. सात भरले की निघायचं. मी वाटेत उतरायचो, गाडी पुढे इस्माइलियाला जायची. शाझलीला सगळे उस्ता म्हणत, गाडीवाल्याला आणि कारागिराला म्हणतात तसं. मला उस्ताज म्हणत, कारण मी चष्मा लावतो आणि हातात पुस्तक असतं. पुढची सीट बहुतेक वेळा माझी असायची. "उस्ताजना पाय पसरू द्या," शाझली म्हणायचा, "त्यांच्या गुडघ्यात व्याकरण भरलंय."

शतक बदललं त्याच्या आसपास पट्ट्याचा कायदा कडक झाला. पुढच्या दोघांनी पट्टा लावायचा, नाही तर दंड, आणि दंडाहून वाईट म्हणजे ड्रायव्हरचा परवाना काढून घेणार. शाझलीच्या गाडीत पट्टे कधीकाळी होते. एकाने तो टपावरचं सामान बांधायचा. दुसऱ्याचं काय झालं ते त्यालाही आठवत नव्हतं. आमच्या गाडीतळावर वीस-बावीस पेजो उभ्या असत आणि एकीतही धड पट्टा नव्हता.

तेव्हा मी तो लेख लिहिला. झगाझीगच्या एका साप्ताहिकात मी अधूनमधून पुस्तकांवर टिपणं देत असे. ती कुणी वाचत असेल असं मला कधी वाटलं नाही. या वेळी मी लिहिलं की ज्या सरकारला आमच्या गल्लीतलं फुटलेलं गटार तीन वर्षं दिसलं नाही, त्याला आमच्या बरगड्या एकदम कशा दिसल्या. रस्त्याला दिवा नाही, इस्पितळात कापूस नाही, आणि चौकीवरचा साहेब मात्र माझ्या छातीची काळजी करतो. माझ्या जिवाला धोका असला तर तो माझा धोका आहे. तो पत्करायचा की नाही हे मी माझ्या आईलाही विचारत नाही, साहेबाला का विचारू? उद्या हाच साहेब जेवताना घरात येईल आणि विचारील, घास नीट चावलास का. संपादकाने दोन वाक्यं भीतीने कापली, बाकीचं छापलं.

तो लेख लोकांनी वाचला. शाझलीने गाडीत मोठ्याने वाचून दाखवला, मागच्या तिघांना ऐकू जावं म्हणून मान वळवून, एका हाताने गाडी चालवत. कहवाखान्यात मला बसायला जागा करून देऊ लागले. पासष्ट वर्षं मी कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसत आलो होतो. आता लोक मला बोलतं करायचे, आणि मला बोलायला आवडायला लागलं. हे लिहिताना लाज वाटते, पण ते तसंच होतं.

त्या लेखातली वाक्यं मला आजही खोटी वाटत नाहीत. हीच तर अडचण आहे.

पहिला पट्टा मेतवल्लीने केला. तो गाड्यांच्या सीटांची कव्हरं शिवायचा. शाळेच्या दप्तराला लावतात तसली काळी रुंद पट्टी घेऊन त्याने एक टोक दाराच्या वरच्या बाजूला छताच्या अस्तरात शिवलं आणि दुसरं मोकळं सोडलं. चौकी आली की ते छातीवरून आडवं ओढून मांडीखाली दाबून बसायचं. झगाझीग सोडताना एक चौकी, अबू हम्मादच्या तोंडाशी दुसरी. शाझली आधीच ओरडायचा, "चला, सरकारला मिठी मारा." आणि चौकी मागे पडली की पट्टी सोडून द्यायची. सगळ्या गाडीतळाने मेतवल्लीकडून तसे पट्टे शिवून घेतले. पोलिसांनाही ठाऊक होतं. त्यांच्या स्वतःच्या गाडीत तरी कुठे होते.

मग चौकीवर नवा अधिकारी आला. तरुण, कडक इस्त्रीच्या गणवेशातला. तो खिडकीत वाकायचा आणि म्हणायचा, "सोडा. आता परत लावा. मला आवाज ऐकू द्या." एका आठवड्यात चार परवाने गेले. त्या दुपारी कहवाखान्यात सगळे हताश बसले होते.

"पेजोच्या खालचा पत्रा बिस्किटासारखा झालाय," शाझली म्हणाला. "खरा पट्टा बसवायला बोल्ट मारला तर बोल्टासकट सीट रस्त्यावर राहील आणि मी पुढे निघून जाईन."

"तर मग गाडी बदल," कुणीतरी म्हणालं.

"हो, तू तुझी बायको बदल, मी गाडी बदलतो."

मी चहा पीत होतो. मी म्हणालो, "साहेबाला पट्टा नकोय. आवाज हवाय. आवाज द्या त्याला."

मेतवल्लीने पेला खाली ठेवला. "म्हणजे कसा?"

"भंगारातून बक्कल आणा, त्याच्या जिभेसकट. जीभ पट्टीला शिवा, बक्कल सीटच्या कव्हराला शिवा. दाबलं की टक् वाजेल. ते कशाला बांधलंय हे बघायला साहेब काही गाडीखाली शिरणार नाही."

सगळे हसले. मेतवल्लीने माझ्या पाठीवर थाप मारली. शाझली उठून माझ्या डोक्याचं चुंबन घेऊन गेला. "बघा रे," तो म्हणाला, "आम्ही म्हणत होतो, पुस्तकं वाचून काय होतं."

त्या दिवशी मी घरी चालत गेलो, आणि वाटेत दोनदा स्वतःशीच हसलो.

बक्कल छान वाजायचं. खऱ्या पट्ट्यासारखंच. अधिकाऱ्याने ऐकलं, मान हलवली, गाडी सोडली. पोती शिवायच्या दोऱ्याने मेतवल्लीने ते कव्हराला पक्कं केलं होतं. त्या कव्हराखाली फक्त स्पंज होता. मी कित्येकदा ते लावून बसलो. मला ठाऊक होतं ते काय आहे, आणि माझा धोका मी पत्करत होतो. लेखात लिहिलं होतं तसंच.

सात-आठ महिने गेले. भाताची कापणी चालू होती, रस्त्यावर पेंढ्याने लादलेले ट्रॅक्टर असायचे. सकाळी नऊच्या सुमारास आमची गाडी भरली होती, एक जागा तेवढी उरली होती, मागच्या ओळीत मधली. हाज्जा तफीदा आल्या. वय माझ्याएवढंच, जाड बांधा, एका हातात काठी, दुसऱ्या हातात कापडात बांधलेले फतीर, तुपातल्या पापुद्र्याच्या रोट्या. लेकीकडे इस्माइलियाला निघाल्या होत्या. त्यांनी मागच्या ओळीकडे पाहिलं आणि मग आपल्या गुडघ्यांकडे.

मी पुढे बसलो होतो. मी उतरलो आणि म्हणालो, "तुम्ही इथे बसा, हाज्जा." मधल्या ओळीतला एक मुलगा मागे सरकला आणि मी त्याच्या जागी बसलो, बरोबर त्यांच्या पाठीमागे.

"अल्ला तुमचे पाय सलामत ठेवो," त्या म्हणाल्या. बसल्या, फतीर मांडीवर घेतले, आणि कुणी काही सांगायच्या आत उजवीकडे पट्टा शोधू लागल्या.

शाझली म्हणाला, "आई, आत्ता कशाला? चौकी अजून लांब आहे."

"चौकीसाठी नाही रे. लेकीला शब्द दिलाय. ती इस्पितळात असते. फोन केला की जेवलीस का विचारत नाही, पट्टा लावलास का विचारते."

त्यांनी ओढला. लावला. टक् झालं. त्यांनी दोन बोटांनी पट्टी हलवून पाहिली.

"हे घट्ट आहे ना रे?"

"सरकारी आहे, आई," शाझली आरशात बघत म्हणाला. "घट्टच असणार."

मागचे दोघे-तिघे हसले. ते रोजचे होते, त्यांना माहीत होतं. हाज्जांना हसण्यात काहीतरी खटकलं असावं. त्यांनी मान वळवली. शाझलीकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. मी चष्म्याचा माणूस, हातात पुस्तक.

"काय हो उस्ताज, धरेल ना?"

मी फार वेळा विचार केला आहे की तेव्हा मला काय म्हणता आलं असतं. "नाही" म्हणता आलं असतं. "हा चौकीपुरता आहे" म्हणता आलं असतं. त्या कदाचित तशाच बसल्या असत्या, कदाचित उतरल्या असत्या आणि दुसऱ्या गाडीतही हेच असल्यामुळे परत आल्या असत्या. पण गाडीत आणखी पाच माणसं ऐकत होती आणि शाझली आरशातून बघत होता. तोंडावर कुणाला खोटं पाडायचं मला आयुष्यात जमलेलं नाही. मी मान हलवली. होकाराची. आणि पुस्तक उघडलं.

त्या निश्चिंत होऊन पुढे वळल्या.

अबू हम्मादच्या अलीकडे चार-पाच किलोमीटरवर, दुभाजकाच्या फटीतून एक ट्रॅक्टर आमच्या समोर वळला. पेंढा दोन्ही बाजूंनी एवढा बाहेर आला होता की त्याला आम्ही दिसलो नसू. शाझलीने ब्रेक दाबला. फार जोरात आदळलो असंही नाही. मधल्या ओळीतल्या आम्हाला खरचटलं. माझा चष्मा तुटला. शाझलीचं नाक आणि मनगट.

हाज्जा काचेतून अर्ध्या बाहेर होत्या. फतीर बॉनेटवर पडले होते. त्यांच्याविषयी याहून जास्त मी लिहिणार नाही.

पट्टा मात्र मला दिसला. जीभ बक्कलमध्ये होती, बंद. बक्कलच्या मागे सीटच्या कव्हराचा तळहाताएवढा तुकडा उपटून आला होता, आणि त्यातून दोरा लोंबत होता.

लोक शेतातून धावत येत होते. शाझली स्टिअरिंगवर वाकलेला होता, तोंडावर रक्त. त्याने पट्ट्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "उस्ताज," तो म्हणाला. "पोरं आहेत माझी." एवढंच.

मी हात पुढे करून छताकडची शिवण ओढली. ती सहज सुटली. पट्टी, जीभ, बक्कल, कापडाचा तुकडा, सगळं मी माझ्या पिशवीत पुस्तकाशेजारी ठेवलं.

जबाब घेणारा हवालदार चांगला माणूस होता. त्याने मला पाणी दिलं आणि विचारलं, "मयत बाईने पट्टा लावला होता का?"

"माझं लक्ष नव्हतं," मी म्हणालो. "मी वाचत होतो."

तो थकल्यासारखा हसला. "हे मात्र तुमच्याकडे बघून कुणीही खरं मानील."

त्याने लिहिलं की पट्टा लावलेला आढळला नाही. पट्टाच आढळला नाही, हे त्याने लिहिलं नाही. ट्रॅक्टरवाल्यावर दोष गेला, थोडा हाज्जांवर. शाझलीचा परवाना सहा महिन्यांसाठी गेला. तिसऱ्या दिवशी मी पिशवी त्याच्या घरी नेऊन दिली, त्याने ते सगळं कालव्यात टाकलं. आम्ही त्यावर पुन्हा बोललो नाही. कहवाखान्यात मी पुन्हा कोपऱ्यात बसू लागलो, आणि काही दिवसांनी बसेनासा झालो.

चार महिन्यांनी नाहेदचं पत्र आलं.

मी उत्तरं लिहिली. अकरा तरी लिहिली असतील. पहिल्यात फक्त "होय, लावला होता" असं होतं. मग वाटलं, ती विचारील, तर मग ती बाहेर कशी पडली? ती अपघात विभागात काम करते, तिला कळेल. दुसऱ्यात मी लिहिलं की पट्टा जुना होता आणि तुटला. तेही वाचून पाहिलं तर त्यात "जुना" हा शब्द माझी सुटका करत होता. एका पत्रात मी शाझलीवर सगळं टाकलं, एकात सरकारवर. एक पत्र इतकं चांगलं उतरलं की मी ते दोनदा वाचलं, आणि दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं की मी त्यातलं विरामचिन्ह दुरुस्त करतो आहे. ते फाडलं. मग महिने गेले आणि उत्तर न देणं ही सवय झाली.

गेल्या आठवड्यापर्यंत मी शाझलीच्या गाडीत बसत नव्हतो. दुसऱ्या गाड्यांनी जायचो, मागच्या ओळीत. मंगळवारी तळावर त्याची एकच गाडी होती. नवी काच, तीच जुनी पेजो. तो म्हणाला, "बसा उस्ताज, मी चावत नाही." मी मधल्या ओळीत बसलो. पुढे एक मुलगी आली, वीस-एकवीस वर्षांची, हातात जाडजूड वह्या, विद्यापीठाची असावी. बसली, उजवीकडे हात नेला, पट्टा ओढला.

टक्.

तोच आवाज. मी वाकून पाहिलं. सीटच्या कव्हरात बक्कल, भोवती पांढरा दोरा.

गाडी तळाबाहेर पडली होती. मी म्हणालो, "पोरी, तो पट्टा खोटा आहे."

माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. मुलीने मागे पाहिलं.

"काय?"

"तो कशालाच बांधलेला नाही. सीटच्या कापडाला शिवलाय. चौकीसाठी."

तिने बक्कल धरून ओढलं. कव्हर वर उचललं गेलं, खालचा पिवळा स्पंज दिसला. तिने हात काढून घेतला.

शाझलीने गाडी कडेला घेतली. "उस्ताजना ऊन लागलंय," तो म्हणाला. मागे कुणी हसलं नाही.

"खरंच खोटा आहे?" मुलीने त्याला विचारलं.

"अगं पोरी, सगळ्या गाड्यांत असाच आहे. तुला लावायला कुणी सांगितलं? चौकी आली की सांगितलं असतं. एरवी तुझी मर्जी."

"माझी मर्जी होती म्हणूनच लावला ना मी," ती म्हणाली. "मग मर्जी कुणाची चालली? तुमचीच की."

ती वह्या गोळा करून उतरली. मागून एक बाई पुटपुटली, "आता पुढच्या गाडीत तरी खरा मिळणार आहे का हिला." शाझलीने माझ्याकडे बघितलं नाही. "तुम्हीही उतरा," तो म्हणाला.

मी उतरलो. तोही उतरला. बाकीचे गाडीत बसून राहिले, खिडक्यांतून बघत.

"दोन वर्षं गप्प होतास," तो म्हणाला. त्याने मला आजवर कधी अरे-तुरे केलं नव्हतं. "आज कसं फुटलं तोंड?"

"तिची लेक मला पत्र लिहून विचारतेय. मी उत्तर देणार आहे."

"मग दे. लिही, आईने पट्टा लावला होता. पोरीला बरं वाटेल. मी कधी नको म्हटलं?"

"ती विचारील, मग तुटला कसा."

"मेतवल्लीचं नाव घालू नको. तो अंथरुणाला खिळलाय."

"नाही घालणार."

"माझं घालशील."

"हो. आणि माझं."

"तुझं घालून काय उपयोग? तुला कोण आत टाकतंय? तुझ्याकडे बघून म्हणतील, म्हातारा आहे, घरी जाऊ द्या. माझं दार ठोठावतील." तो रागावलेला नव्हता, दमलेला होता. त्याच्या नाकाचं हाड वाकडं जुळलं आहे. "आणि एक सांगू? त्या दिवशी ती तुझ्याकडे वळून बघत होती. माझ्यावर विश्वास नव्हता तिचा. मी गाडीवाला, मी काहीही बोलणार. तुला विचारलं तिने."

"माहीत आहे मला."

"माहीत असूनही दोन वर्षं," तो म्हणाला, आणि गाडीकडे गेला. दार उघडल्यावर थांबला. पुढची सीट रिकामी होती. त्याने वाकून बक्कल दोन्ही हातांनी धरलं आणि उपटलं. तीन-चार झटक्यांत निघालं. तेवढंच पक्कं होतं ते. ते बक्कल त्याने पायाशी टाकलं, गाडी सुरू केली आणि चौकीच्या दिशेने गेला. त्या दिवशी त्याचा परवाना गेला का, मी विचारलेलं नाही.

मी घरी चालत आलो. या वेळी कच्चा खर्डा केला नाही.

लिहिलं की तुमच्या आईने शब्द पाळला. गाडीत बसल्याबरोबर, कुणी न सांगता, त्यांनी पट्टा लावला, आणि तो तुमच्यासाठी लावते असं बोलूनही दाखवलं. तो पट्टा खोटा होता. तसा खोटा पट्टा वाजता कसा करायचा ही कल्पना माझी होती, मी ती हसत हसत सांगितली होती. त्यांनी मला विचारलं, धरेल ना, आणि मी मान हलवली. अपघातानंतर पट्टा मी काढून लपवला आणि पोलिसांना खोटं सांगितलं. खरा पट्टा असता तर त्या वाचल्या असत्या का हे मला माहीत नाही. ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळेल. माझा लेख त्यांना आवडला होता हे वाचून मला फार वाईट वाटलं. त्यात मी लिहिलं होतं की धोका पत्करायचा की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं. तुमच्या आईने ठरवलं होतं. मी ते त्यांना कळू न देता मोडलं. हे सगळं मी सरकारी वकिलापुढे सांगायला तयार आहे. गाडीवाल्याचं नाव कागदांत आहेच, तो हे जाणतो. तुम्ही बोलवाल तेव्हा मी येईन. क्षमा मागणं मी लिहून पाहिलं आणि खोडलं, कारण ते वाचायची जबाबदारी पुन्हा तुमच्यावरच पडते.

खोडलेली जागा मी तशीच ठेवली. पुन्हा स्वच्छ लिहून काढायला बसलो असतो तर तेही न पाठवलेलं बारावं पत्र झालं असतं.

सकाळी टपाल कार्यालयात रांग होती, पेन्शनीचा दिवस होता. खिडकीतल्या बाईने पाकीट हातात घेऊन वजन केलं.

"साधं की रजिस्टर?"

"रजिस्टर."

"मग पाठवणाऱ्याचं नाव आणि पत्ता मागे लिहा. पूर्ण नाव."

मी काउंटरवरची दोऱ्याने बांधलेली पेन्सिल घेतली. ती म्हणाली, पेन्सिलने नको, शाईने. मागच्या माणसाने मला पेन दिलं. मी वडिलांच्या आणि आजोबांच्या नावासकट पूर्ण नाव लिहिलं, गल्लीचं नाव लिहिलं, घराचा क्रमांक लिहिला. तिने पावती फाडून दिली, पाकिटावर शिक्का मारला आणि ते मागे इस्माइलियाच्या पोत्यात टाकलं.